भिंतीवर लिहिलेला चौक

कोलाडला कुंडलिकेच्या काठी उभे राहून बघा. पूर्वेला सह्याद्रीचे डोंगर. नदी पश्चिमेला जाते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. वर सूर्य, रात्री चांदोबा. हे सगळे एकाच भिंतीवर कुणी मांडले तर?

वारली लोकांनी ते मांडले आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हा त्यांचा मुलूख. आज तो पालघर जिल्ह्यात येतो. आपल्याकडचे कातकरी, ठाकर, तसे तिकडचे वारली. डोंगराच्या पायथ्याला भातशेती करणारी माणसे.

त्यांचे घर कुडाचे. कूड शेणामातीने सारवायचा, वर गेरू लावायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवला की पांढरा रंग तयार. कुंचला म्हणजे बांबूची काडी. तिचे टोक चावून मऊ केले की झाले. विकत काही आणावे लागत नाही.

आकार तरी किती? गोल, त्रिकोण आणि चौकोन. गोल सूर्य-चंद्राचा. त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवा, वर गोल डोके, काडीसारखे हातपाय, की उभा राहिला माणूस! डोंगराचाच आकार माणसाच्या अंगात आला. चौकोन मात्र माणसाने आखलेला. तो देवाची जागा.

लग्न ठरले की सवाशिणी भिंतीवर हा चौक काढतात. आत पालघाट देवी. झाडे, पीक, लेकरे सगळी तिच्या हातची. चौकात सूर्य-चंद्र हवेतच. लग्न लावणाऱ्या बाईला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणते. आणि गंमत बघा, वारली बाया चौक 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. पाटी कधी हातात न धरलेल्या बाया! त्यांना निरक्षर म्हणताना जरा अडखळायलाच होते.

दुसऱ्या चित्रांत रोजचे जगणे असते. लावणी, शिकार, ताडावर चढणारा गडी. मध्ये एक जण तारपा वाजवतो. तारपा वाळलेल्या भोपळ्याचा आणि बांबूचा करतात. त्याच्याभोवती माणसे हात धरून नाचतात, सापाच्या वेटोळ्यासारखी.

ही चित्रे पूर्वी बायकाच काढत. 1970 च्या सुमारास मुंबईहून भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले. त्यांनी कागद आणि रंग दिले. बाया लाजल्या. पुढे आला जिव्या सोमा म्हसे नावाचा तरुण. लहानपणी आई गेली, तेव्हापासून तो बोलेनासा झाला होता. मातीत रेघा ओढून मनातले सांगायचा. पुढे त्याची चित्रे परदेशात गेली. एका चित्रात कागदभर मासे धरायचे जाळे पसरलेले आहे आणि माणूस केवढासा! 2011 साली सरकारने जिव्यांना पद्मश्री दिली. 2018 साली ते वारले.

नाव झाले तशी नक्कलही झाली. पिशव्या, साड्या, कप, सगळीकडे वारली माणसे नाचू लागली. छापणारा भलताच, पैसाही भलत्याच्याच खिशात. म्हणून 2014 साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव त्या मुलखातल्या कलेचेच, असे सरकारदरबारी नोंदले गेले. पण बाजारात घेणारा विचारतच नाही. तुम्ही अशी पिशवी घ्याल तेव्हा विचारा, "हे हाताने काढलंय की छापलंय? कुणी काढलंय?" दुकानदार गडबडला तर काय ते समजा.