छायाचित्राची पारख

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकांनी हौसेने छायाचित्रे काढली असतील. स्पर्धेत ‘पाणी’, ‘श्रम’ किंवा ‘घर’ असा एखादा विषय दिला जातो आणि शेकडो छायाचित्रे परीक्षकांपुढे येतात. त्यांतून एकाची निवड कशी होते, हे प्रस्तुत पाठात आपण समजून घेणार आहोत.

मूळ पाठ

परीक्षणाच्या वेळी स्पर्धकांची नावे सहसा झाकलेली असतात. त्यामुळे ओळखीचा किंवा प्रतिष्ठेचा प्रभाव निर्णयावर पडत नाही. चित्र विषयाला धरून आहे का, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर प्रकाश, रचना, स्पष्टता या बाजू तपासल्या जातात आणि अखेरीस चित्राच्या आशयाचा विचार होतो.

विषयाला धरून असणे म्हणजे काय? ‘पाणी’ या विषयासाठी लाटा, धबधबे, पावसाच्या सरी यांची चित्रे पुष्कळ येणार, हे उघड आहे. समजा, त्यांत एक चित्र कोरड्या नळापुढे लावलेल्या रिकाम्या हंड्यांच्या रांगेचे आहे. त्यात पाण्याचा एक थेंबही नाही. घाईने पाहणारा परीक्षक ते बाजूला सारील. जाणता परीक्षक मात्र थबकेल. पाण्याचे मोल त्या रिकाम्या हंड्यांनीच अधिक जाणवून दिलेले असते.

मात्र केवळ सुंदर आणि विषयानुरूप असणे पुरेसे नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमशी निगडित वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत २००९ साली, रात्री फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढे आक्षेप आले. फेरतपासणीत तो लांडगा रानातला नसून शिकवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली. स्पर्धेच्या नियमांत हे बसत नव्हते. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. तरीही जानेवारी २०१० मध्ये पुरस्कार रद्द झाला.

आपलाच निर्णय जाहीरपणे मागे घेणे परीक्षकांना सोपे नसते. परंतु खऱ्या वन्यप्राण्याची वाट पाहत ज्यांनी रात्री जागवल्या, त्या स्पर्धकांना न्याय देण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

आता हे काम अधिकच अवघड झाले आहे. २०२३ साली जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कार स्वीकारण्यास नकार दिला. त्यांची प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केलेली होती. म्हणूनच आज परीक्षकाला डोळ्यांइतकीच चौकस बुद्धीचीही गरज आहे.

शब्दार्थ

पारख – गुणदोष ओळखण्याची शक्ती
आशय – मनात पोहोचणारा अर्थ
विषयानुरूप – विषयाला साजेसे

पाठगत प्रश्न

१. स्पर्धकांची नावे का झाकली जातात?
२. रिकाम्या हंड्यांचे चित्र ‘पाणी’ या विषयात बसते काय? आपले मत सकारण लिहा.
३. लांडग्याच्या छायाचित्राचा पुरस्कार रद्द करणे आपणांस योग्य वाटते का? आठ-दहा ओळींत लिहा.