गोचीड चिकटली, रॉकेल लावू का?

प्रश्न : अंजनेरीच्या डोंगरावरून परतल्यावर कमरेला गोचीड दिसली. रॉकेल लावू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नको. रॉकेल, तेल, पेटती काडी यांनी डिवचलेली गोचीड जखमेत लाळ सोडू शकते. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. नखाने चिरडू नका. गोचिडींमुळे पसरणारा माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे आढळला आहे, पण तो भाग नाशिकपासून दूर आहे. तुमच्याबाबतीत मला काळजी वाटते ती गोचिडीमुळेच होणाऱ्या गोचीड-टायफस या तापाची. दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, तळहात-तळपायांवरही पुरळ आले, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे औषध वेळेत सुरू झालं की रुग्ण सहसा बरा होतो. पुढच्या वेळी पँट मोज्यांत खोचा. घरी येताच काखा, जांघा, कानामागे तपासा.