पुढे चालणाऱ्या ताईचा बीपी कोण मोजणार?



आपल्या अनेक वस्त्यांत सध्या एकच विषय चालू आहे. इमारत कधी होणार? परिशिष्ट-2 मध्ये आपलं नाव पात्र की अपात्र? संक्रमण शिबिरात जायचं की भाडं घेऊन दुसरीकडे राहायचं? रोज नवा कागद, रोज नवी अफवा. आणि प्रत्येक वस्तीत एक ताई असते, जिच्या दारावर हे सगळे प्रश्न घेऊन लोक सकाळी सहापासून उभे असतात.

अशाच एका ताईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, कारण ती तुमच्याही गल्लीत असेल. वय 51. महिला मंडळाची अध्यक्ष, कमिटीची सदस्य, विहारातल्या वंदनेला पुढे. बीपीची गोळी चालू होती. वस्ती हलवायची तारीख आली आणि धावपळीत गोळ्या संपल्या. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" असं म्हणून तिने त्या परत आणल्याच नाहीत. जेवण दुपारी चारला, तेही चहा-फरसाणावर. झोप तीन-चार तास. अडीच महिन्यांनी एका सकाळी कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं. घरच्यांना वाटलं वारं लागलं. तेल चोळलं, कांदा हुंगवला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार झाली. ताई वाचली, पण उजवा हात आणि बोलणं गेलं.

पुढचं अजून ऐका. वस्तीचे सगळे कागद तिच्या कपाटात होते. कोणाची फोटोपास कुठे, कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणता अर्ज, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. ती बोलू शकेना, आणि चाळीस घरांचं काम तिथेच थांबलं.

त्या ताईची चूक काय, असा प्रश्न मला लोक विचारतात. मी उलट विचारते, आपली चूक काय?

बाबासाहेबांच्या आयुष्यातून

संविधानाच्या मसुदा समितीत सात सदस्य होते. पण 5 नोव्हेंबर 1948 रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत उभं राहून सांगितलं की एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होता, कोणी राज्याच्या कामात, कोणी दिल्लीपासून दूर आणि आजारी. शेवटी मसुद्याचं ओझं डॉ. आंबेडकरांवरच पडलं. त्या काळात बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. 1951 साली हिंदू कोड बिल लवकर घ्यावं म्हणून त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं, त्यातही आपल्या ढासळत्या तब्येतीचा उल्लेख केला. 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, ते गेले.

आपण हे अभिमानाने सांगतो आणि मग म्हणतो, "बाबासाहेबांनी तब्येतीची पर्वा केली नाही, आपणही करू नये." हा धडा चुकीचा आहे. बाबासाहेबांवर ओझं एकट्यावर पडलं, कारण बाकीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. खरा धडा असा की खुर्ची रिकामी ठेवू नका. ते स्वतः आयुष्यभर संस्था उभ्या करत राहिले. 1924 ची बहिष्कृत हितकारिणी सभा, 1945 ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1955 ची भारतीय बौद्ध महासभा. काम एका माणसाच्या श्वासावर अवलंबून राहू नये, म्हणूनच ना?

बुद्धांनीही आपल्या मागे एक गादीवारस नेमला नाही, धम्म आणि विनय हेच मार्गदर्शक ठेवले. वज्जी लोकांबद्दल ते आनंदाला काय म्हणाले ते आठवा. जोवर हे लोक वारंवार एकत्र बसतील, एकोप्याने जमतील, एकोप्याने उठतील, वडीलधाऱ्यांचं ऐकतील, स्त्रियांवर जबरदस्ती करणार नाहीत, तोवर त्यांची हानी होणार नाही. बदलाच्या काळात वस्ती कशी टिकते, याचं यापेक्षा सोपं उत्तर मला माहीत नाही.

बीपी मोजायचा कसा

बीपी वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून "मला बरं वाटतंय" हा पुरावा नाही. मोजणं हाच पुरावा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. 180/120 च्या वर असेल आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, नीट दिसत नसेल, तर थांबू नका, थेट रुग्णालयात.

गोळीने बीपी 130 वर आला म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी काम करते आहे. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मीठ दिवसाला माणशी एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, त्यात पापड, लोणचं, सुकट, फरसाणाचं मीठही धरा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी आणि साखर तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते.

झटका ओळखा

हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? नाव विचारा, बोलणं अडखळतं का? यातलं एकही दिसलं तर घड्याळ पाहा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्या. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. तेल, कांदा, चप्पल यांत गेलेली वेळ परत मिळत नाही.

घर हलताना उपचार हलू देऊ नका

सामान बांधताना एक पिशवी वेगळी ठेवा: औषधाच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, बाळाचं लसीकरण कार्ड, गरोदर बाईचं कार्ड, आणि महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या. टीबीचा पेशंट असेल तर जायच्या आधी केंद्रात कळवा, म्हणजे नव्या ठिकाणी औषध चालू राहील. मधेच औषध सोडलेला टीबी पुढे औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

इमारतीत गेल्यावर खिडकी उघडी ठेवा. गोवंडी-मानखुर्दच्या काही पुनर्वसन वसाहतींच्या अभ्यासात ऊन-वारा न पोहोचणारी घरं आणि टीबी यांचा संबंध दिसला आहे. दोन इमारतींत किती अंतर आहे, हा प्रश्न कमिटीने नकाशा पाहतानाच विचारायचा असतो. तोही आरोग्याचाच प्रश्न आहे.

आणि वरच्या मजल्यावर गेलेल्या आजीला विसरू नका. वस्तीत तिचा ओटा होता, इथे बंद दार आहे. जेवण-झोप तुटली, कशातच मन लागेना, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

विहारात एवढं करा

दंडावरचं एक डिजिटल मशीन वर्गणीतून घ्या. रविवारच्या वंदनेनंतर वीस मिनिटं सगळ्यांचा बीपी मोजा, आणि पहिला नंबर अध्यक्षांचा लावा. ताई "माझं राहू दे" म्हणेल, तिचं ऐकू नका.

प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवा, त्यातलं एक तिशीच्या आतलं. सगळ्या कागदांच्या दोन प्रती, दोन घरांत. रात्री नऊनंतर अफवेवरून ताईचं दार वाजवायचं नाही. आग, मारहाण, आजारपण सोडून बाकी सगळं सकाळपर्यंत थांबतं. आणि कमिटीतली प्रत्येक बाई घरून जेवून मीटिंगला येईल, हे घरातल्या पुरुषांनी पाहायचं. भाकरी त्यांनाही थापता येते.

एक आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं, आणि मग बुद्धांनी संघाला विचारलं, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार?

ती ताई आता डाव्या हाताने सही शिकते आहे. वस्तीतल्या दोन मुली तिच्या शेजारी बसून एकेक कागद लावून घेतात, ती मान हलवून हो-नाही सांगते. हेच आधी झालं असतं तर?

या रविवारी मशीन घेऊन तुमच्या ताईकडे जा.

जयभीम, नमो बुद्धाय.