पोटातल्या बाळाला प्राणवायू पुरतो का? डॉप्लर सोनोग्राफीची ओळख

वस्तीत गरोदर बाईचा रिपोर्ट आला की घरचे विचारतात, "बाळ बरं आहे ना?" रिपोर्टमध्ये 'डॉप्लर' असा शब्द असला की घाबरतात. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

पोटात बाळ नाकाने श्वास घेत नाही. आईच्या रक्तातला प्राणवायू वारेतून आणि नाळेतून त्याला मिळतो. बीपी वाढले किंवा वार नीट काम करेनाशी झाली की तो कमी पडतो आणि बाळाची वाढ खुंटते.

सोनोग्राफीत एक्स-रे नसतो, ध्वनिलहरी असतात. वाहत्या रक्तावर आपटून परतणारा आवाज बदलतो, त्यावरून रक्ताचा वेग कळतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 मध्ये हा नियम मांडला, म्हणून हे नाव. ही तपासणी प्राणवायू थेट मोजत नाही. रक्तप्रवाहावरून अंदाज देते.

नाळेच्या रोहिणीतून बाळाचे रक्त वारेकडे जाते. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्येही ते पुढे वाहत राहिले पाहिजे. त्या वेळी प्रवाह थांबला किंवा उलटा फिरला, तर धोका मोठा. प्राणवायू कमी पडला की बाळ मेंदूला आधी रक्त पुरवते. म्हणून डॉक्टर मेंदूची रक्तवाहिनीही पाहतात.

ही तपासणी प्रत्येकीला लागत नाही. बीपी जास्त, बाळाची वाढ कमी, पाणी कमी किंवा एकाच वारेवर जुळी असतील, तर डॉक्टर सांगतात.

एमआरआयने वारेतला प्राणवायू पाहण्याचे संशोधन चालू आहे. प्राणवायू असलेले आणि नसलेले रक्त चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देते. आईला मास्कने प्राणवायू देऊन तो वारेत किती लवकर पसरतो, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी जुळ्या बाळांच्या गरोदरपणात तपासले. नेहमीच्या तपासणीत हे अजून आलेले नाही. त्यासाठी कर्ज काढू नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. "मागची सोनोग्राफी नॉर्मल होती" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. रिपोर्ट त्या दिवसापुरता असतो. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. 108 ला फोन करा.

लक्षात ठेवा:
- दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते.
- प्रत्येक भेटीत बीपी मोजून घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका.
- सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, प्रत्येक वेळी सोबत न्या.
- मुलगा की मुलगी, हे विचारू नका. 1994 च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे.

सासूबाई, नवरोबा, हे तुम्हीही वाचा. "बाळ कमी हलतंय" असे ती म्हणाली, तर "उद्या बघू" म्हणू नका.