साल पिवळी, गर आंबट

वाचनभाग : मत्तय २३:२५-२८, स्तोत्र १३९:२३-२४

लखनौजवळील मलिहाबादचा दशहरी आंबा सर्वश्रुत आहे. पूर्ण वाढलेले फळ आढीत घातले म्हणजे ते यथाकाल आतून गोड होते. कोवळेच उतरवून कॅल्शियम कार्बाइडच्या वायूने पिकविले, तर साल लवकर पिवळी होते, गर मात्र आंबट राहू शकतो. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अशा फळांची विक्री निषिद्ध ठरविली आहे.

प्रियहो, आपल्या भक्तीचे असे तर झाले नाही ना? मंदिरातील आपली प्रार्थना आणि घरातील आपले बोलणे यांत अंतर का पडते? परूश्यांच्या बाह्य शुद्धतेवर प्रभूने बोट ठेवले ते याचसाठी.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. तरीही आपणास ख्रिस्ताचा धर्म लाभला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे, हे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले. एवढी विदुषी हे कबूल करू शकली, मग आपण का कचरावे?

आज रात्री दार लावून स्वतःस विचारा : कोणी पाहत नसता मी कोण असतो? उत्तर लपवू नका. ज्याला गर ठाऊक आहे, त्याच्यापुढे सालीचा काय उपयोग? पश्चात्तापी अंतःकरण तो कधीही लोटून देत नाही.