स्वत्वाचा शोध आणि मादक द्रव्ये

चेन्नई शहरातील नुंगंबाक्कम हा भाग विद्यार्थ्यांचा आहे. १९१५ साली स्थापन झालेले विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आणि १९२५ सालचे लोयोला कॉलेज ही येथील दोन जुनी महाविद्यालये. अशा ठिकाणी घर सोडून आलेल्या मुलामुलींना अभ्यासाइतकाच आणखी एक प्रश्न सोडवायचा असतो. तो म्हणजे, ‘मी कोण?’

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने या प्रश्नालाच पौगंडावस्थेचा गाभा मानले. १९६६ मध्ये जेम्स मार्शिया याने त्याच्या विचाराला अधिक नेमके रूप दिले. त्याने दोन गोष्टी तपासल्या : तरुणाने पर्यायांचा शोध घेतला आहे काय, आणि त्यांपैकी एखाद्याशी तो बांधला गेला आहे काय? ज्याने शोधही घेतला नाही आणि कशाशी बांधिलकीही मानली नाही, त्याची ओळख विस्कळीत राहते. मादक द्रव्यांचे सेवन अशा तरुणांत अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र, येथे कारण आणि परिणाम वेगळे काढणे कठीण असते. विस्कळीतपणामुळे नशा जवळची वाटते, आणि नशेमुळे शोध थांबतो.

पहिली सिगारेट बहुधा धुरासाठी ओढली जात नाही. ती मित्रमंडळात प्रवेश मिळवण्यासाठी ओढली जाते. शिवाय विवेक आणि संयम यांच्याशी संबंधित असलेला मेंदूचा पुढील भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे या वयातील प्रयोग प्रौढांच्या प्रयोगापेक्षा अधिक धोक्याचा ठरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या द्रव्यांचे सेवन प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के आढळले. ही द्रव्ये स्वस्त असतात आणि सहज हाती येतात. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई केली, तीही याच विचाराने.

तथापि केवळ मनाई पुरेशी नाही. चाचपडणाऱ्या मुलावर घरच्यांनी आणि शाळेने ‘गर्दुल्ला’ असा शिक्का मारला, तर त्याच्या प्रश्नाला आयते उत्तर मिळते. वाईट का होईना, ती एक ओळख असते. कोणीच नसण्यापेक्षा वाईट असणे त्याला परवडते. एरिक्सनने यालाच नकारात्मक ओळख म्हटले आहे.

म्हणूनच उपचार म्हणजे शरीरातून विष काढून टाकणे एवढेच नव्हे. शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये चेन्नईत टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन स्थापन केले, पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अशा केंद्रांत औषधांच्या जोडीला समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबाचा सहभाग यांना महत्त्व असते. नशा सुटल्यावर जी जागा रिकामी होते, तेथे काम, मैत्री आणि जबाबदारी यावी लागते. ‘मी कोण?’ हा प्रश्न मुलाने पुन्हा विचारावा आणि त्याचे उत्तर शोधण्यास त्याला अवधी मिळावा, हेच प्रौढांचे खरे कर्तव्य होय.