कोराडी शेजारी, मग वीज स्वस्त का नाही?

प्रश्न : आम्ही जरीपटक्यात राहतो. खाली दुकान, वर घर. गच्चीवर गेलं की उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. धूर आमच्याकडे, राख आमच्याकडे आणि विजेचा दर मात्र सगळ्या महाराष्ट्राला एकच. वीज इथंच तयार होते, तर ती आम्हाला स्वस्त का मिळत नाही? वेगळा विदर्भ झाला तर मिळेल का? – एक वाचक, जरीपटका, नागपूर

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, एक दराचा आणि दुसरा धुराचा. उत्तर नागपूरमध्ये हे दोन्ही एकाच दमात विचारले जातात, पण त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘आमची वीज मुंबईला जाते’ असं आपण म्हणतो. तसं म्हणायला आधार आहे. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९पासून आहे आणि तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. विदर्भाची वीज पश्चिमेकडे नेण्यासाठीच ती टाकली. तरी तुमच्या घरातला पंखा बहुधा कोराडी आणि शेजारच्या खापरखेडा केंद्राच्याच विजेवर फिरत असतो, कारण तारांच्या जाळ्यात वीज जवळच्या मागणीकडे आधी वळते. तुमच्या वाटची वीज कोणी पळवून नेलेली नाही. प्रश्न आहे तो किमतीचा.

किंमत तारेच्या लांबीवर ठरत नाही. कोराडीतले ६६० मेगावॉटचे तीन संच महानिर्मितीचे, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे आहेत. महानिर्मिती ती वीज महावितरण या राज्याच्या वीजवितरण कंपनीला विकते. महावितरण कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, नाशिक, केंद्राचे प्रकल्प, खासगी कंपन्या, सौर आणि पवन अशा सगळ्यांकडून वीज घेते. फ्लॅटस्कीमच्या गच्चीवरच्या टाकीत बोअरचं, नळाचं आणि टँकरचं पाणी एकत्र पडावं, तसा हा सगळा खर्च एकत्र होतो आणि त्यातून सरासरी निघते. कोळसा खाणी जवळ असल्यामुळे विदर्भातल्या केंद्रांचा वाहतूक खर्च वाचतो हे खरंच आहे. पण ती बचत त्या सरासरीत मिसळून राज्यभर वाटली जाते.

आता तुमचं बिल हातात घ्या. त्यात ‘वहन आकार’ अशी एक ओळ असते. हा आकार केंद्रापासूनच्या अंतरावर ठरतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. घरगुती ग्राहकाला तो जरीपटक्यात, गडचिरोलीत आणि महावितरणच्याच क्षेत्रात येणाऱ्या मुंबईतल्या भांडुप-मुलुंडमध्ये प्रतियुनिट सारखाच लागतो. ‘वीज आकारा’चंही तेच. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. ‘वीज शुल्क’ मात्र राज्य सरकारचा कर आहे आणि घरगुती बिलावर तो १६ टक्के आहे. खालच्या दुकानाचं मीटर वाणिज्यिक असल्यामुळे तिथला दर घरापेक्षा चढा आहे. त्याचाही कोराडीशी संबंध नाही.

मग जवळच्यांना कमी दर देणं बेकायदा आहे का? तेही नाही. २००३च्या विद्युत कायद्याच्या कलम ६२(३)मध्ये ग्राहकांच्या दरात फरक करण्याची जी कारणं मान्य आहेत, त्यांत एखाद्या भागाचं भौगोलिक स्थान हेही आहे. शिवाय कलम ६५प्रमाणे राज्य सरकारला कोणत्याही वर्गाला सवलत देता येते. अट इतकीच, की सवलतीचे पैसे सरकारने तिजोरीतून आगाऊ भरावेत. विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना २०१६पासून अशी वीजदर सवलत मिळाली. घरगुती ग्राहकांना ती मिळाली नाही. हा राजकीय निर्णय होता, त्यात तांत्रिक अडचण कसलीच नव्हती.

तरीही अंतरावर दर ठरवण्याची मागणी मला पटत नाही. असा हिशेब सुरू झाला तर जरीपटक्याचा फायदा होईल, पण त्याची झळ मेळघाटातल्या धारणीला आणि गडचिरोलीतल्या भामरागडला बसेल. तिथे दूरवर पसरलेल्या थोड्या घरांसाठी लांबच लांब तारा ओढाव्या लागतात. तेही विदर्भातच आहेत.

वेगळ्या राज्याचंही असंच आहे. नव्या राज्यात वीजकेंद्रं असतील, पण शेतीपंपांचा भारही असेल. तो भार आज पुणे-ठाण्यातले कारखाने आणि व्यावसायिक ग्राहक चढ्या दरातून काही प्रमाणात उचलतात. ते गिऱ्हाईक मग आपल्या हिशेबात नसेल. शेजारचं छत्तीसगड २०००मध्ये वेगळं झालं. कोळसा आणि वीज दोन्ही तिथे मुबलक आहेत. तरी २०१९मध्ये ४०० युनिटपर्यंतचं बिल अर्धं करताना तिथल्या सरकारला तिजोरीतूनच पैसे घालावे लागले. विदर्भाच्या मागणीला दुसरी सबळ कारणं असतील, पण तिच्यामागे स्वस्त विजेची हमी नाही.

राहिला धूर, आणि माझ्या मते तुमचं खरं गाऱ्हाणं तेच आहे. इथे मात्र अंतराला किंमत आहे. औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या गंधकवायूवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये मर्यादा घातल्या. पुढे त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या. पण २०२१च्या नियमांत दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना सर्वांत कडक वर्गात टाकलं. जरीपटका ते कोराडी अंतर सरळ रेषेत दहा किलोमीटरसुद्धा नाही. जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत नि कोलार नदीत शिरलं, हे तुम्ही पाहिलंच असेल. कोराडीत आणखी दोन ६६० मेगावॉटचे संच उभारायच्या प्रस्तावावर मे २०२३मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा विरोध झाला तो याच अनुभवातून.

म्हणून युनिटमागे रुपया कमी करा, असं म्हणत बसू नका. धूर धुणारी यंत्रणा प्रत्येक संचावर कधी बसणार आणि राखेची विल्हेवाट कशी लावणार, हे विचारा. बिलच कमी करून हवं असेल, तर वीज शुल्कात सवलत मागा. तो निर्णय सर्वस्वी राज्य सरकारच्या हातात आहे आणि त्यासाठी तुमच्या आमदारांना जाब विचारता येतो. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवतो आणि नागपुरातही सुनावणी घेतो. तिथे वकील लागत नाही. मराठीत हरकत लिहा, ग्राहक क्रमांक टाका आणि सुनावणीला स्वतः उभे राहून बोला.